खंडोबाचा वार, साहेबांचा कॉल

जेजुरीच्या पायऱ्या निम्म्या चढलो आणि फोन वाजला. रविवार, कपाळाला भंडारा, आणि पलीकडून साहेब: "पाच मिनिटं जॉइन हो, क्लायंट लाइनवर आहे."

लॅपटॉप पाठीवर होताच. देवाला जाताना नारळ विसरेन, चार्जर नाही. रेंज सापडली ती एका भंडारा-खोबऱ्याच्या दुकानाच्या फळीवर.

"बसायचं तर पुडी घ्यावी लागंल," मावशी म्हणाल्या. घेतली.

"काय झालंया?"

"सर्व्हर बंद पडलाय."

"रविवारचं?"

"सौदीचा क्लायंट आहे, मावशी. त्यांची सुट्टी शुक्रवार-शनिवार."

मावशींनी खोबऱ्याची वाटी खाली ठेवली. "म्हंजे शुक्रवार त्यांचा, रविवार देवाचा. मग तुझा वार कुठला?"

मी म्यूटवर होतो म्हणून बरं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं भांडून 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडली. रविवार आमच्या खंडोबाचा, असंही त्यांनी मालकांना सुनावलं होतं म्हणतात. गिरणीला निदान भोंगा तरी होता, वाजला की माणूस सुटायचा. आमचा भोंगा आम्हीच हप्त्यावर घेतो आणि खिशात घालून देवदर्शनाला नेतो.

तेवढ्यात वरून कुणीतरी "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत मूठभर भंडारा उधळला. कीबोर्ड पिवळा, चष्मा पिवळा, कॅमेऱ्यात मी संपूर्ण पिवळा. साहेबांचा खासगी मेसेज आला: "कावीळ आहे का? सर्टिफिकेट असेल तर सिक लीव्ह टाक." कावीळ झाली तर रजा, खंडोबा असला तर लॅपटॉप. क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू.

"तुम्हाला सुट्टी कधी?" कॉल रेंगाळला तसं मीच विचारलं.

"रविवारीच तर धंदा. सोमवारी बसते घरी. सोमवती आली की तीबी गेली. आन् पुडी सांडलीस, दुसरी घे."

दुसरीही घेतली. दर्शनाला पोचलो तेव्हा रांग पार खाली आली होती.

सोमवारी बदली रजा मागितली. नामंजूर. ऑफिसात हजेरी नाही, म्हणजे वर्क फ्रॉम होम, आणि त्याला बदली रजा लागू नाही, असं एचआरच्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं. अहो, जेजुरीत माझं घर नाही! एक फळी होती, तिचं भाडं मी दोन पुड्यांनी भरलं, आणि त्याचीही पावती मागताहेत.