भाड्याची खोली, स्वतःचं घर आणि ब्लॉग: एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही महिने मराठी लिहिणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय. थोडक्यात तो असा: 'ब्लॉगस्पॉटसारख्या फुकट जागेवर लिहिणं म्हणजे भाड्याच्या खोलीत संसार. मालक कधीही बाहेर काढेल. स्वतःचं होस्टिंग घ्या, त्यावर वर्डप्रेस टाका. महिना 99 रुपयांत लिखाण कायमचं तुमचं. गूगलमध्ये वर दिसाल आणि चार पैसेही मिळतील.' (ब्लॉगस्पॉट ही गूगलची फुकट ब्लॉगसेवा, तिलाच ब्लॉगर म्हणतात. होस्टिंग म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेली सर्व्हरवरची जागा, आणि वर्डप्रेस म्हणजे त्यावर साइट चालवायचं सॉफ्टवेअर.) माझ्याकडे तो संदेश तीन गटांतून आला. पाठवणाऱ्या सगळ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण याच सल्ल्यापायी एका माणसाची दहा-बारा वर्षांची मेहनत कशी गेली ते मी जवळून पाहिलंय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'मालक कधीही बाहेर काढेल.' ही भीती खोटी नाही. याहूने जिओसिटीज ही फुकट साइटची जागा 2009 च्या ऑक्टोबरात बंद केली. पोस्टरस ही ब्लॉगसेवा ट्विटरने 2012 मध्ये विकत घेतली आणि 30 एप्रिल 2013 ला तिला कुलूप लावलं. टाइपपॅड ही ब्लॉगसेवा 2003 पासून चालू होती, तीही 30 सप्टेंबर 2025 ला बंद झाली, जेमतेम महिनाभर आधी सांगून. पण निदान सांगितलं तरी. लेख उतरवून घ्यायला थोडा का होईना, वेळ मिळाला. स्वतःच्या होस्टिंगवरची साइट बंद पडते तेव्हा काय होतं?

परभणी जिल्ह्यातल्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर, लिहिणारे एक निवृत्त शिक्षक होते. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचो. 2009 पासून ते ब्लॉगस्पॉटवर लिहीत. गावात जायचं, बारवेत उतरायचं, पायऱ्या मोजायच्या, देवकोष्ठात (भिंतीतल्या देवाच्या कोनाड्यात) काय उरलंय ते टिपायचं, पाणी कुठवर आहे, शेवटचा गाळ कुणी काढला ते म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. 2016 मध्ये कुणीतरी त्यांना हाच भाड्याच्या खोलीचा दाखला दिला. त्यांनी डोमेन, म्हणजे साइटचं स्वतःचं नाव, घेतलं, होस्टिंग घेतलं, सगळे लेख तिकडे नेले, आणि एकच मजकूर दोन ठिकाणी नको म्हणून जुना ब्लॉग पुसून टाकला. 2021 मध्ये गुरुजी गेले. नूतनीकरणाच्या सूचना त्यांच्या ईमेलवर येत राहिल्या, पण तो ईमेल उघडणारं घरात कुणी नव्हतं. डॉट कॉम नावाची मुदत संपली की आधी काही दिवस सवलतीचे मिळतात, मग 30 दिवस जास्तीचे पैसे भरून ते सोडवता येतं, आणि त्यानंतर 5 दिवसांनी ते कुणालाही घ्यायला मोकळं होतं. त्यांच्या लेकीचा मला फोन आला तेव्हा हे सगळे दिवस उलटून गेले होते. "दादा, बाबांची साइट उघडली की जुगाराचं काहीतरी येतंय," ती म्हणाली. मी उघडून पाहिलं. वर पत्ता तोच, ज्यात त्यांच्या गावाचं नाव होतं, आणि खाली रमीची जाहिरात.

म्हणजे मालकाने बाहेर काढलं नाही. भाडं भरणारा माणूस राहिला नाही, एवढंच. वैयक्तिक ब्लॉगच्या बाबतीत ही दुसरी शक्यता पहिलीपेक्षा कितीतरी जवळची असते, आणि त्या फॉरवर्डमध्ये तिच्याबद्दल एक शब्द नाही. उलट 2007-08 मध्ये ब्लॉगस्पॉटवर सुरू झालेले, लिहिणाऱ्याने कधीच सोडून दिलेले आणि तरी आजही उघडणारे मराठी ब्लॉग तुमच्याही पाहण्यात असतील.

फुकट जागाही अमर नाही, हेही सांगायला हवं. दोन वर्षं अजिबात न वापरलेली खाती काढून टाकायचं धोरण गूगलने 2023 मध्ये आणलं. त्यावर उपाय त्यांच्याकडेच आहे: इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर. आपण ठरवलेले महिने खातं वापरलं गेलं नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला कळवलं जातं आणि आपला मजकूर त्याला उतरवून घेता येतो. ही सोय 2013 पासून आहे. ती लावायला दहा मिनिटं पुरतात. आजच लावा, हे मी हात जोडून सांगतो.

आणि 'कायमचं' या शब्दाची किंमत समजून घ्यायची असेल तर एवढंच बघा: वर्डप्रेस डॉट कॉम या तयार ब्लॉगजागेने 2023 मध्ये 100 वर्षांची योजना काढली, ती 38,000 डॉलरची.

'स्वतःचं होस्टिंग म्हणजे स्वतःचं घर.' नाही. तीही खोलीच आहे, फक्त झाडलोट तुमच्या अंगावर. सर्व्हर दुसऱ्याचा, जागा दुसऱ्याची, वीज दुसऱ्याची. 10 मार्च 2021 च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं. ज्यांनी बॅकअपही तिथेच ठेवला होता, त्यांचं दोन्ही गेलं. त्यांतल्या कित्येकांनी साइट आपल्या मालकीची आहे, असंच मानलं असणार.

मालकी असते ती तीन गोष्टींत. लेखांचा कॉपीराइट, आणि तो ब्लॉगस्पॉटवर लिहिलं तरी तुमचाच राहतो. दुसरं, पत्ता. तिसरं, स्वतःजवळची प्रत. यातल्या एकाही गोष्टीसाठी होस्टिंग घ्यावं लागत नाही.

पत्त्याचं महत्त्व आपल्याकडे दोनदा दिसलंय. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात सरकारने मोजक्या काही पानांवर बंदी घालायला सांगितलं आणि इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद केलं. कुणाच्या तरी पानापायी सगळ्यांचे ब्लॉग काही दिवस दिसेनासे झाले. दुसरं उदाहरण ब्लॉगस्पॉट डॉट इनचं. 2012 पासून भारतातल्या वाचकांना गूगल ब्लॉगस्पॉट डॉट कॉमवरून त्या पत्त्यावर वळवत असे, त्यामुळे लोकांनी जतन केलेल्या आणि एकमेकांना पाठवलेल्या असंख्य लिंका डॉट इनच्याच होत्या. 2020 मध्ये ते नावच गूगलच्या हातून गेलं. लेख होते तिथेच राहिले, त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा मात्र तुटल्या. म्हणून आपलं नाव आपण घ्यावं, यात वाद नाही. वर्षाला हजार-दीड हजार रुपयांत डोमेन मिळतं आणि ब्लॉगर ते आपल्या ब्लॉगला जोडायचे वेगळे पैसे घेत नाही. उद्या ब्लॉगर बंद झालं, तर तोच पत्ता दुसरीकडे वळवता येतो. मात्र डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. साइट करून देणाऱ्या पोराने ते त्याच्या खात्यातून घेतलं आणि नंतर तो फोनच उचलत नाही, अशा तक्रारी माझ्याकडे वरचेवर येतात.

'महिना 99 रुपये.' पहिल्या मुदतीपुरते, आणि बहुधा तीन वर्षांचे एकदम भरले तरच. नूतनीकरणाचा दर खाली बारीक अक्षरांत असतो आणि तो दुप्पट-तिप्पट असू शकतो. पण माझा आक्षेप पैशांपेक्षा कामाला आहे. 2017 च्या जानेवारीअखेर वर्डप्रेसने 4.7.2 ही आवृत्ती काढून सुरक्षेतलं एक मोठं भोक बुजवलं. ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांच्या लेखांवर फेब्रुवारीत परक्यांनी हवं ते लिहून ठेवलं, लाखो पानांवर. लहान अपडेट एरवी आपोआप होतात, पण प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) आणि थीमकडे (साइटच्या रूपाकडे) कुणीतरी लक्ष द्यावंच लागतं. कवितांचा ब्लॉग चालवणाऱ्या काकूंनी ते का करावं?

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे, ती त्या फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ठाऊक नसावी. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 3 बाइट घेतं. जुन्या होस्टिंगवरचे डेटाबेस बरेचदा लॅटिन अक्षरांच्या हिशोबाने मांडलेले असत. सर्व्हर बदलताना ही मांडणी जुळली नाही की मजकुराचा विचका होतो. माझ्या एका मैत्रिणीच्या ब्लॉगवर आजीच्या आठवणींचा लेख होता, सर्व्हर बदलल्यावर त्यात उरली ती ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. मध्येच स्वल्पविराम, मध्येच पूर्णविराम, बाकी सगळी प्रश्नचिन्हं. अक्षरं एकदा अशी साठवली गेली की मूळ मजकूर त्यातून परत काढता येत नाही. होस्टिंगवाल्यांच्या मदतकेंद्राने तिला 'कॅश साफ करा' असं सांगितलं.

'गूगलमध्ये वर दिसाल.' कुठल्या यंत्रणेवर लिहिलंय म्हणून गूगल कुणाला वर चढवत नाही. लेखाच्या पत्त्याचा (यूआरएलचा) भाग मात्र दोन्हीकडे आपल्या हाताने नीट करावा लागतो. ब्लॉगर मराठी शीर्षकातली अक्षरं गाळतं आणि लेखाला 'ब्लॉग-पोस्ट_23' असलं निर्जीव नाव देतं. वर्डप्रेस मराठी ठेवतं, पण आत प्रत्येक चिन्हाची 9 अक्षरं करून साठवतं, मर्यादा 200 ची, म्हणजे जेमतेम 22 चिन्हांत शीर्षक तुटतं, काना-मात्रा धरून. प्रसिद्ध करण्याआधी छोटं रोमन नाव स्वतः द्यावं. हे दोन्ही ठिकाणी जमतं.

पैशांबद्दल फार लिहीत नाही. गूगलच्या जाहिराती मराठी मजकुरासाठी 2018 पासून मिळतात आणि त्या ब्लॉगरवरही लागतात. मिळकत वाचकांवर ठरते.

फॉरवर्ड कुठे बरोबर आहे? पाच-सहा जण मिळून नियतकालिक चालवत असाल, वर्गणी घ्यायची असेल, दिवाळी अंक विकायचा असेल, शब्दकोशासारखं शोधता येणारं काही बांधायचं असेल, आणि सांभाळणारा माणूस पक्का असेल, तर स्वतःचं होस्टिंग जरूर घ्या. तिथे ब्लॉगर अपुरं पडतं, मी स्वतः दोन संस्थांना तसं करून दिलंय. बाकीच्यांनी स्वतःचं डोमेन, तयार जागा आणि दर तीन महिन्यांनी प्रत, एवढं करावं. ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून बॅकअपची फाइल उतरवता येते, तिच्यात लेख आणि प्रतिक्रिया येतात. त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांच्या लिंका असतात. फोटो वेगळे ठेवा.

गुरुजींच्या कपाटात एक पेन ड्राइव्ह निघाला. जुना ब्लॉग पुसण्याआधी त्यांनी अशी एक फाइल उतरवून ठेवली होती, त्यामुळे 2016 पर्यंतचे लेख मिळाले. नंतरचे थोडे जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर सापडले, बहुतेक फोटोंविना. नवं डोमेन लेकीच्या नावावर घेतलं आणि ब्लॉगरला जोडलं. उरलेले लेख ती त्यांच्या वह्यांवरून टाइप करतेय. वह्यांत जागोजागी पेन्सिलीच्या उभ्या रेघा आहेत, पाचापाचांच्या जुड्या करून मारलेल्या. एक रेघ म्हणजे बारवेची एक पायरी. परवा तिने विचारलं, या रेघा टाइप कशा करायच्या. मी म्हटलं, त्या पानाचा फोटोच टाकू.