मित्रकीटक बीटीने मारले की फवाऱ्याने?

"बीटी कपाशीच्या पानातच विष आहे. ते खाऊन मधमाश्या, ढालकिडे, क्रायसोपा संपले. राखणदार गेले म्हणून तुडतुडे माजले आणि गुलाबी बोंडअळी परतली." हा मजकूर कापूसपट्ट्यात मोबाइलवर फिरत असतो. (ढालकिडे आणि क्रायसोपा हे मावा, तुडतुडे अशा रस शोषणाऱ्या किडी खाणारे मित्रकीटक.) चार वाक्यांत खरं आणि खोटं असं कालवलंय की एकेक दावा सुटा करावा लागतो.

पानात विष आहे, हे खरंच. प्रश्न कोणासाठी, हा आहे. भारतात २००२ साली आलेल्या बीटी कपाशीत क्राय१एसी हे बीटी नावाच्या जिवाणूचं प्रथिन होतं. २००६ साली बीजी-२ या पुढच्या पिढीच्या बियाण्यात क्राय२एबी या दुसऱ्या प्रथिनाची भर पडली. हे प्रथिन अळीच्या आतड्यातल्या ठरावीक जागांना चिकटून पेशींना भोकं पाडतं. बोंडअळ्यांमध्ये ही कुलूप-किल्ली जुळते. मधमाशीत किंवा ढालकिड्यात तसं कुलूप सापडत नाही. मधमाश्यांवरच्या २५ प्रयोगांचा २००८ साली एकत्रित हिशेब मांडला गेला. त्यात अळ्यांच्या किंवा प्रौढ माश्यांच्या जगण्यावर परिणाम दिसला नाही.

क्रायसोपाचा दावा मात्र हवेतला नाही. १९९८ साली स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगात बीटी मका खाल्लेल्या अळ्या क्रायसोपाच्या पिलांना चारल्या, तेव्हा पिलं जास्त मेली. पुढे त्याच मक्यावर वाढलेले लाल कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, चारून पाहिले. त्यांच्या अंगात बीटी प्रथिन अळ्यांपेक्षाही जास्त होतं, तरी पिलांना काही झालं नाही. म्हणजे पहिल्या वेळी बाधलं ते आजारी, निकस भक्ष्य. ढालकिड्याचं मुख्य खाणं मावा, आणि मावा शोषतो त्या अन्नरसात हे प्रथिन जेमतेम उतरतं.

मग तुडतुडे का माजले? बीटी त्यांच्यासाठी नव्हतंच. पानावरची लव तुडतुड्यांना आडकाठी करते. कमी लवेचे संकर आले की त्यांचं फावतं. वर युरियाचा मारा, पानं लुसलुशीत. त्यात पीक लहान असतानाच जहाल औषध मारलं की ढालकिडे आधी मरतात, आणि तुडतुडे राखणदाराविना परत वाढतात. चीनमध्ये कपाशीवरचे ढेकूण वाढले, कारण बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या आणि तेही त्यांतून सुटले. त्याच उत्तर चीनमध्ये १९९० ते २०१० दरम्यान ३६ ठिकाणी केलेल्या नोंदींत ढालकिडे, क्रायसोपा, कोळी वाढलेले आणि मावा घटलेला आढळला.

गुलाबी बोंडअळी तर बीटीचं लक्ष्यच. ती परतली ती तिच्यात प्रतिकार आल्यामुळे. प्रतिकार लांबावा म्हणून पाकिटासोबत दिलेलं १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं बांधावर पेरायचं सोडून फेकलं गेलं, फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी) उन्हाळ्यापर्यंत ठेवली, लांब मुदतीचे वाण वाढले. २०१७ चा महाराष्ट्रातला उद्रेक आठवा. मित्रकीटकांवर याचं खापर फोडण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट दावा करणाऱ्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवी. फक्त बोंडअळीवर जगणारे परजीवी बीटी शेतात घटतात, कारण त्यांचं भक्ष्यच घटतं. ४२ शेतप्रयोगांच्या २००७ सालच्या विश्लेषणातही बीटी शेतातले कीटक फवारलेल्या बिगर-बीटी शेताहून जास्त भरले, पण अजिबात न फवारलेल्या शेताच्या तुलनेत काही गट कमी निघाले. तुलना कशाशी केली, त्यावर निष्कर्ष फिरतो. बियाण्यावर इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा लेप असेल, तर त्याचा परिणामही वेगळा धरायला हवा.

स्वतःच्या शेतात पाहायचं तर सकाळी ऊन चढण्याआधी एकरातली २० झाडं निवडा, कडेची सोडून. प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं एकेक पान हळूच उलटून तुडतुडे मोजा. त्याच झाडावरचे ढालकिडे, त्यांच्या अळ्या आणि क्रायसोपाची देठावर उभी अंडी शेजारच्या रकान्यात लिहा. सरासरी पानामागे २ तुडतुड्यांच्या खाली असेल तर पंप खाली ठेवा. वर गेली आणि मित्रकीटक भरपूर दिसले, तर आधी ५ टक्के निंबोळी अर्क: १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी. आठवड्याने तेच रकाने पुन्हा भरा.