डबा कोणाच्या घरी जातो?

माझी भाची नागपूरच्या एका मेथडिस्ट मंडळीत (प्रोटेस्टंट ख्रिस्ती चर्चच्या समुदायात) एम.वाय.एफ.ची, म्हणजे तरुण संघाची, सेक्रेटरी आहे. मध्यंतरी या मुलांनी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीपुढे एक प्रस्ताव ठेवला: दर शुक्रवारी संध्याकाळी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या, बाहेर पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाटायची. प्रस्ताव कुणी फेटाळला नाही. 'पुढच्या बैठकीत बघू' असं ठरलं, आणि आमच्या मंडळीत पुढची बैठक म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर जुंपली. शेवटी भाचीचा मला फोन. "मावशी, तुमच्या तिकडे चर्च एवढं करून राहिलं, मग आमच्याच इथं काय अडून राहिलं?"

मी ओहायोत असते. पेशानं नर्स, शिक्षण नागपूरचंच. इथल्या मेथडिस्ट चर्चच्या फूड पॅन्ट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देतात तिथे, बरीच वर्षं कामाला जाते. फोनवर मी तिला म्हटलं की प्रश्न इतका सोपा नाही. मग वाटलं की नीट लिहावं, कारण ग्रुपवरच्या दोन्ही बाजू मला अर्ध्याच पटतात.

ज्येष्ठांपैकी विरोध करणारे लोक कंजूस नाहीत. त्यातल्या एकांनी लिहिलं होतं, 'उद्या मेडिकलच्या गेटवर पातेलं घेऊन उभे राहाल, कोणीतरी मोबाइल काढेल आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही खिचडीवर धर्मांतर करणारे ठराल. मग पोलीस ठाण्यात कोण येणार?' मुलांनी यावर हसणारे इमोजी टाकले. मला नाही हसू आलं. या भीतीला नागपुरात इतिहास आहे. 1954 साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. नागपूर तेव्हा राजधानी. 1956 मध्ये अहवाल आला, आणि शाळा, दवाखाने, अनाथालयं ही धर्मांतराची साधनं म्हणून वापरली जातात, असा ठपका त्यात होता. त्याच वर्षी, त्याच शहरात, 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह उघड्या मैदानावर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धर्म बदलणं म्हणजे कोणीतरी भोळ्या माणसाला फसवणं, ही समजूत घेऊन बसलेल्यांना नागपूरनं त्याच वर्षी उत्तरही देऊन टाकलं होतं. पण संशय काही गेला नाही. आता महाराष्ट्रात धर्मांतरविरोधी कायद्याची भाषा सुरू झाल्यापासून तर आमची वडीलधारी माणसं नाताळची कॅरोल फेरी काढतानाही गल्ली निवडून काढतात.

पण या भीतीवर 'मग काही करूच नका' हा उपाय नाही. घरात बसलं म्हणून संशय कमी झाला, असं या सत्तर वर्षांत दिसलेलं नाही.

आमच्या पॅन्ट्रीत काय होतं ते सांगते. दर गुरुवारी संध्याकाळी तळघरातल्या हॉलमध्ये फळ्या लावतो. येणाऱ्यानं नाव, घरात किती माणसं आणि उत्पन्न अमुक मर्यादेच्या आत आहे एवढं लिहून सही करायची. कागद मागत नाही. मग तो पिशवी घेऊन फळ्यांमधून फिरतो आणि हवं ते उचलतो. पूर्वी आम्ही पिशव्या भरून द्यायचो, तेव्हा बाहेरच्या कचरापेटीत बिटाचे डबे सापडायचे. आता ज्याला बीट नको तो घेत नाही. बटाट्याच्या टेबलावर ऐंशीच्या घरातल्या एक बाई बसतात. प्रत्येक बटाटा फिरवून बघतात आणि कोंब आलेला दिसला की बाजूला काढतात. मी एकदा म्हटलं, तेवढा काढून टाकला की चालतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू तुझ्या घरी पाहुण्याला देशील का?" विषय संपला.

आता भाचीसाठी महत्त्वाची गोष्ट. आमच्याकडचं बरंचसं धान्य अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या योजनेतून येतं आणि त्यासोबत अटी येतात. धर्मावरून कुणाला नाकारायचं नाही. प्रार्थना, उपदेश, पत्रकं हे सगळं वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी, आणि ज्याला यायचं त्यानंच यायचं. भेदभाव होत नाही असं सांगणारं सरकारी पोस्टर भिंतीवर लावणं सक्तीचं. आमचे पाळक त्या संध्याकाळी खोकी उचलतात. पाळकाची पांढरी कॉलर घालत नाहीत. ज्याला प्रार्थना हवी तो वरच्या मजल्यावर जातो. बहुतेक लोक जात नाहीत आणि त्यांच्या पिशवीत एक कांदाही कमी पडत नाही. कोणाच्या मनात काय हेतू आहे ते देवाला माहीत, माणसानं तपासायची ती अट. घेणाऱ्याला 'प्रार्थना नको' म्हणता येतं का आणि म्हटल्यावरही त्याला तेवढंच मिळतं का, हे बाहेर उभ्या राहिलेल्या कुठल्याही माणसाला बघता येतं. मेडिकलच्या गेटवर मोबाइल काढणाऱ्यालासुद्धा.

पण इथलं बघून भारावून जाऊ नये, हेही तितकंच खरं. पॅन्ट्रीच्या रांगेत नोकरी असलेली माणसं उभी असतात. दोन-दोन नोकऱ्या करणारी. एवढ्या श्रीमंत देशात चर्चच्या तळघरात बटाट्यासाठी रांग लागते, ही काही मिरवायची गोष्ट नाही. महाराष्ट्रात 2020 मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. ती कशी चालली यावर वाद घाला, पण सरकारनं आपलं काम म्हणून ताट वाढावं ही कल्पना आमच्या कौंटीत कुणाला सांगितली तर तो मला वेड्यात काढेल. आणि इथले स्वयंसेवक बहुतेक निवृत्त. पेन्शन आहे, गाडी आहे, दुपार रिकामी आहे. शिवाय भांडणांत इथली मंडळी आपल्याला मागे टाकते. 2019 ते 2023 या काळात समलैंगिकांच्या प्रश्नावरून युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या अमेरिकेतल्या जवळपास पाव मंडळ्या बाहेर पडल्या. इमारती कोणाच्या, पैसे कोणाचे, सगळं झालं. तेव्हा 'अमेरिकेत बघा' हे वाक्य मुलांनी बैठकीत न वापरलेलं बरं.

नागपुरात सेवा होत नाही, हे भाचीचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. आई मेयोमध्ये, म्हणजे नागपूरच्याच दुसऱ्या सरकारी रुग्णालयात, होती तेव्हा डब्ल्यू.एस.सी.एस.च्या, म्हणजे मंडळीच्या महिला संघाच्या, बायका रात्रीच्या मुक्कामाला पाळीपाळीनं आल्या. कोणी सांगितलं नव्हतं. एक चटई, एक थर्मास, उशाखाली बायबल, आणि पहाटे नर्सच्या आधी उठून आईचे केस विंचरलेले. वडील गेले तेव्हा शवपेटी कोणी ठरवली, कबरस्तानात कोण गेलं, तीन दिवस घरात चूल न पेटता वीस माणसं कशी जेवली, आम्हाला कळलंसुद्धा नाही. इथे असं काही झालं की ईमेलवर यादी फिरते. सोमवारी पास्ता कोणाचा, बुधवारी सूप कोणाचं, घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, डबा दारात ठेवायचा की बेल वाजवायची. पहिल्यांदा ती यादी बघितली तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं होतं, ही काय माया झाली का, हा तर ड्यूटी चार्ट झाला.

पण मग एक विचारावंसं वाटतं. आमच्या मंडळीत डबा कोणाच्या घरी जात नाही? चर्चचा चौकीदार आजारी होता तेव्हा त्याच्या खोलीवर कोण गेलं? बालाघाटकडून कामाला आलेली, शेवटच्या बाकावर बसणारी, उपासना संपताच निघून जाणारी ती कुटुंबं, त्यांच्याकडे बाळंतपण झालं तर कोणाला कळतं? आमचा डबा नात्यानं जातो. जुन्या मिशन कंपाउंडमधली घरं, एकमेकांत झालेली लग्नं, एकत्र केलेली नोकरी. ज्याचे लागेबांधे आहेत त्याच्याकडे पाच डबे येतात, त्यातले दोन खराब होतात. ज्याचं कोणी नाही तो प्रीतिभोजनाला पंगतीत दिसतो तेवढाच. यादीला आडनाव कळत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. ओहायोत मी नवी होते, कुणाच्या नात्यातली नव्हते, माझं ऑपरेशन झालं तेव्हा ज्या बाईंनी डबा आणून दिला त्यांचं नाव मला डब्यावरच्या चिठ्ठीवरून कळलं.

आणि ही काही अमेरिकन टूम नाही. मेथडिस्ट परंपरेचा मूळ पुरुष जॉन वेस्ली यानं अठराव्या शतकात लंडनमध्ये नेमकं हेच केलं होतं. आजाऱ्यांकडे जायला 46 माणसं निवडली, शहराचे 23 भाग केले, प्रत्येक भागात दोघं. आपल्या भागातल्या प्रत्येक आजाऱ्याकडे आठवड्यातून तीनदा जायचं, काय हवं-नको ते बघायचं आणि दर आठवड्याला खर्चाचा हिशेब द्यायचा. 1746 मध्ये त्यानं गरिबांसाठी मोफत औषधं देणंही सुरू केलं. ज्या ज्येष्ठांना यादी म्हणजे कोरडेपणा वाटतो, त्यांना हे सांगून बघायला हरकत नाही. वेस्लीचं नाव निघालं की त्यांचा आवाज जरा खाली येतो.

तेव्हा माझ्या मते मुलांनी आधी मंडळीची यादी करावी. सगळ्या घरांची, शेवटच्या बाकासकट. 'आधी घरचं बघा' असं म्हणणाऱ्यांना यावर नाही म्हणता येणार नाही, आणि घर म्हणजे कोण, हेही त्यातूनच ठरेल.

आता मेडिकल. तिथल्या वॉर्डात मी उमेदवारी केलेली आहे, म्हणून थोडं अधिकारानं बोलते. खिचडीची गरज आहे, पण ती पहिली गरज नाही. शिवाय वाढदिवस, पुण्यतिथी, सणवार असला की तिथे अन्न वाटणाऱ्यांची रीघ लागते आणि दुसऱ्या दिवशी कुत्रंही फिरकत नाही. तेव्हा कोणत्या वारी कोणी येत नाही ते आधी विचारा. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटा. गडचिरोलीहून, गोंदियाहून, पलीकडच्या छिंदवाड्याहून आलेल्या माणसाला सगळ्यात आधी हवा असतो तो वाट दाखवणारा. ओपीडीतून एक्स-रे कुठे, रक्तपेढी कुठे, योजनेच्या फॉर्मला रेशन कार्डाची झेरॉक्स लागते ती कुठे मिळेल, चिठ्ठीवर डॉक्टरांनी काय लिहिलंय. एक म्हातारा बायकोचा रिपोर्ट हातात धरून दुपारभर चुकीच्या खिडकीपुढे उभा होता, मी ड्यूटी संपवून निघाले तेव्हा दिसला. खिडकी बंद झाली होती, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. इथल्या दवाखान्यात दाराशीच रंगीत जाकीट घातलेले स्वयंसेवक असतात, त्यांचं काम एवढंच: चला, मी सोडतो. आपल्या मंडळीत गोंडी येणारे, छत्तीसगढी येणारे लोक आहेत. त्यांना कधी कोणी स्टेजवर बोलावलेलं नाही. तिथे त्यांची किंमत कळेल.

आणि एकट्यानं जाऊ नका. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना झाली, वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या, आणि अमेरिकन परंपरेतलं आपलं मेथडिस्ट चर्च ऐन वेळी बाजूला राहिलं. 1981 पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र कारभार आहे. त्यावर आता चर्चा नको. पण रस्त्यावरच्या माणसाला सीएनआय आणि मेथडिस्ट यांतला फरक ठाऊक नसतो, आपण सगळेच 'मिशनवाले'. मग त्यांच्या तरुणांना सोबत घ्यायला काय जातं? त्याहून बरं म्हणजे मेडिकलवर आधीपासून नियमित येणाऱ्या कुठल्याही गटाच्या हाताखाली पहिले काही शुक्रवार राबा. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर गर्दी लोटते तेव्हा शहरभर रस्त्यांवर जेवण वाटलं जातं. तिथे जेवणाऱ्याला तू कुठला, कोणत्या धर्माचा, असं कोणी विचारत नाही. वाढणाऱ्यालाही नाही. अन्नदानाची ही रीत शिकायला ओहायोला यायची गरज नाही, ऑटोनं पोचता येतं.

बॅनर नको, फोटो नको. पाळकसाहेबांनी यायचं तर हातात पळी घेऊन यावं. पाळी दोघादोघांची लावा आणि ती चर्चच्या पाटीवर लिहा, म्हणजे कोण आलं नाही ते रविवारी सगळ्यांना दिसेल.

राहता राहिला पैसा. 'मावशी डॉलर पाठवेल' असं ग्रुपवर कोणीतरी लिहिलंच. परदेशी निधीचा कायदा 2010 चा, 2020 मध्ये तो आणखी कडक झाला. भारतीय नागरिकानं परदेशातून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे त्यात परदेशी धरत नाहीत, पण ज्यानं परदेशी नागरिकत्व घेतलं त्याचे धरतात, परदेशी झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी. माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे, म्हणून मला पाठवता येतील. ग्रुपवर 'मी पण देतो' म्हणणाऱ्या दोघांचे पासपोर्ट आता भारताचे नाहीत, हे ते विसरतात. त्यांचे पैसे परस्पर कोणाच्या खात्यावर घेऊ नका, एवढ्या एका कारणावरून सगळं काम बंद पडेल. आणि माझेही लगेच मागू नका. पहिल्या तीन महिन्यांचे डाळ-तांदूळ मंडळीतूनच निघू द्यात, पायलीभर का होईना, घराघरातून. चौथ्या महिन्यात हिशेबाचा कागद पाठव, मग बघते.