काळपुळीचं भक्तिसंगीत आणि माझी मान

अँथ्रॅक्स म्हणजे मराठीत काळपुळी. आता ज्या बँडचं नावच काळपुळी, त्यांची गाणी आवडतात असं घरात सांगायची सोय नसते, त्यामुळे गेली वीसेक वर्षं मी हे सगळं हेडफोन लावूनच निभावत आलो. पण २०११ च्या सप्टेंबरात यांचा नवा अल्बम आला आणि त्याचं नाव काय, तर 'वर्शिप म्युझिक'. म्हणजे सरळसरळ भक्तिसंगीत! आईने विचारलं काय ऐकतोयस रे, मी म्हणलं भक्तिसंगीत. आयुष्यात पहिल्यांदा खोटं न बोलता सुटलो.

पण उत्साह काही नावाचा नव्हता. यांचा जुना गायक जोई बेलाडोना परत आला होता. ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कुळकथा. हा बँड १९८१ चा, न्यूयॉर्कचा. बाकीचे थ्रॅशवाले (थ्रॅश म्हणजे सुसाट वेगाचं हेवी मेटल) गुरगुरत असताना हा गडी चक्क सुरात गायचा, वरच्या पट्टीत, आवाज मोकळा सोडून. १९९० च्या 'पर्सिस्टन्स ऑफ टाइम'ची कॅसेट मी इतकी घासली की शेवटी गाणी पाण्याखालून आल्यासारखी यायला लागली, तरी ऐकतच होतो. मग १९९२ ला यांनी त्यालाच काढला. आणला जॉन बुश. तोही चांगलाच हो, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण घरातलं जुनं माणूस गेलं की नव्या माणसाने कितीही जीव लावला तरी आपण उगाच तोंड वाकडं करून बसतो, तसं माझं झालं. पुढे २००५ ला जुनी मंडळी पुन्हा जमली, दोन वर्षांत पुन्हा फिसकटलं, मग डॅन नेल्सन नावाचा तिसराच आला, त्याच्या आवाजात हा अल्बम बराचसा झालाही होता म्हणे, २००९ ला त्याचंही बिनसलं, काही शोपुरता पुन्हा बुश, आणि २०१० ला शेवटी पुन्हा बेलाडोना. आमच्याकडे एवढ्या वेळा मोडलेली सोयरीक लोक बाराव्यालासुद्धा चघळतात.

बरं, हा कारभार तसा घरचाच. ड्रमवर चार्ली बेनान्टे आणि बेसवर फ्रँक बेलो, हे सख्खे मामा-भाचे. वयात जेमतेम तीनेक वर्षांचं अंतर. मामा-भाचे एका गाडीत बसले तरी एसी किती ठेवायचा यावर वाद होतो, हे दोघं इतकी वर्षं एकाच स्टेजवर उभे आहेत, आणि मला वाटतं खरा चमत्कार हाच आहे, बेलाडोनाचं परत येणं वगैरे त्याच्यानंतर.

तर रविवार होता. बायको आत, आई हॉलमध्ये, मुलगी अभ्यासाचं नाटक करत समोर. मी हेडफोन चढवले. पहिला ट्रॅक अगदी गंभीर, दीडेक मिनिटाचं नुसतं वाद्यसंगीत, मी शहाण्यासारखा डोळे मिटून बसलेला. आणि मग 'अर्थ ऑन हेल' धाडकन अंगावर आलं. आता खरं सांगतो, मला भीती आवाजाची होती. पन्नाशी गाठलेला माणूस, इतक्या वर्षांनी, काय राहिलं असणार त्या गळ्यात? आणि तो वर गेला. गेला म्हणजे गेलाच हो, काहीही न खरवडता. माझ्या अंगावर काटा आला, आणि तिथेच माझ्या मानेने परस्पर निर्णय घेतला की आपण अजून एकोणीस वर्षांचे आहोत.

तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत मी पूर्ण सुटलो होतो. 'फाइट एम टिल यू कान्ट' हे झोम्बींवरचं गाणं आहे, मेलेली माणसं उठून येतात आणि तुम्ही दम संपेपर्यंत लढायचं. त्याच्या कोरसला मानेत 'कट्' असा आवाज झाला. हेडफोनमधून बेनान्टेचे डबल बेस ड्रम चालू असताना मला तो ऐकू आला, यावरून कट् केवढा असेल कल्पना करा.

त्यानंतर मान डावीकडे वळलेली आणि तिथेच राहिलेली. मुलगी म्हणाली, "बाबा, असे काय बघताय भिंतीकडे?" मी उठलो तर सगळं शरीर एकसंध कपाटासारखं फिरवून उठावं लागलं, हात पुढे धरून, पाय घासत. गाण्यातला झोम्बी घरात आला होता. बायको बाहेर आली, तिने एकदा मानेकडे, एकदा हेडफोनकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, वय काय आपलं?" याला उत्तर नसतं. बेलाडोनाला कोणी विचारत नाही!

दुसऱ्या दिवशी डॉक्टर.

"वजन उचललंत का?"

"नाही."

"उशी बदलली?"

"नाही."

"मग काय करत होता?"

"गाणी ऐकत होतो." आणि बायको शेजारी बसून एकेक शब्द सुटा करत, "भक्ति. संगीत."

डॉक्टरांनी मान (स्वतःची, व्यवस्थित फिरणारी) हलवली आणि पट्टा लिहून दिला. आठवडाभर.

घरी येऊन मी आधार शोधायला लागलो, कारण माणूस एकटा येडा नाही हे सिद्ध करायची गरज अशाच वेळी पडते. स्लेअर या दुसऱ्या थ्रॅश बँडचा गायक टॉम अराया, त्याच्या मानेचं २०१० ला ऑपरेशन झालं आणि हेडबँगिंग, म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर डोकं गदागदा हलवणं, कायमचं बंद. ते वाचून फार बरं वाटलं, म्हणजे वाटू नये पण वाटलं. पण खरा खजिना म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नल. २००८ च्या डिसेंबरात त्यांनी हेडबँगिंगवर अभ्यासच छापलाय, तेही साग्रसंगीत. अशा गाण्याचा सरासरी वेग मिनिटाला १४६ ठोके, आणि त्या वेगात मान ७५ अंशांपेक्षा जास्त फिरली की दुखापतीचा धोका. उपाय पण दिलेत. एक, मान कमी हलवा. दोन, जरा शांत गाणी ऐका. तीन, फक्त दर दुसऱ्या ठोक्याला डोकं हलवा. नाहीतर मग सरळ मानेला पट्टा लावा. म्हणजे मी उपाय आधीच करून बसलो होतो, फक्त क्रम चुकला. आणि तो तिसरा उपाय, दर दुसऱ्या ठोक्याला, मी खोलीचं दार लावून, पट्ट्यासकट, अगदी हळू करून बघितला. तसं केल्यावर माणूस थ्रॅश ऐकतोय असं वाटत नाही हो, कर्जाच्या अटी मान्य करतोय असं वाटतं.

चौथ्या दिवशी आई जवळ येऊन बसली. म्हणाली, "एवढी मान मोडेस्तोवर कसली भक्ती रे? ऐकव तरी." आता आली पंचाईत. पण या अल्बममध्ये मधेच 'हिम वन' (हिम म्हणजे इंग्रजीत स्तोत्र) नावाचा जेमतेम पाऊण मिनिटाचा तुकडा आहे, त्यात चेलो आहे, बाकी काही आदळआपट नाही. मी हेडफोन तिच्या कानाला लावले आणि नेमका तेवढाच लावला. ती ऐकत राहिली. मी बटणावर बोट धरून तयार, कारण त्याच्या मागोमाग 'इन द एंड' सुरू होतं, डाइमबॅग डॅरेल आणि रॉनी जेम्स डिओ या मेटलमधल्या गेलेल्या दोन कलाकारांसाठी केलेलं, जवळजवळ सात मिनिटांचं. तुकडा संपला, मी बटण दाबणार तर तिने माझा हात बाजूला केला.

"राहू दे. कोणी गेलंय का यांचं?"

मी हो म्हणलं. मान हलवता येत नव्हती म्हणून तोंडाने.

बेलाडोना वर चढला तशी मी घाबरून तिच्याकडे बघायला लागलो, बघायला म्हणजे खुर्चीसकट वळून. आईचे डोळे मिटलेले आणि मान डोलत होती. अगदी हलकी, ७५ अंशांच्या खूप आत, आणि च्यायला बरोब्बर दर दुसऱ्या ठोक्याला.