निसटत्या विजयाचा हिशेब

पराभवाचे एक बरे असते. पराभूत संघाचे समर्थक ‘पंच त्यांचाच होता’ एवढे एक वाक्य उच्चारून घरी जातात, जेवतात आणि गाढ झोपतात. पंचवीस गुणांनी मिळालेला विजयही तसा निरुपद्रवी असतो. त्यात गुलाल असतो, हलगी असते, कोणाच्या तरी खांद्यावर अवघडून बसलेला एखादा खेळाडू असतो, पण चर्चा नसते, कारण चर्चेला काही उरलेलेच नसते. खरा घात करतो तो एका गुणाचा विजय. त्यात आनंद पोटभर होत नाही आणि दुःख तर चारचौघांत करता येत नाही, म्हणून समर्थक विश्लेषणाला बसतात, आणि विश्लेषणाला साक्षीदार लागतो. परभणीत हा साक्षीदार म्हणजे मी.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. बास्केटबॉलशी माझा संबंध इतकाच, की माझे अक्षर सुवाच्य आहे. आमच्या क्रीडा संचालकांच्या नजरेस ते एकदा ग्रंथालयाच्या नोंदवहीत पडले, आणि तेव्हापासून स्पर्धा भरली की गुणलेखकाच्या खुर्चीवर माझी प्रतिष्ठापना होते. ही खुर्ची मैदानाच्या मध्यरेषेसमोर, म्हणजे सर्वांत चांगल्या जागी असते, पण तिच्यावर बसणाऱ्याला टाळी वाजवता येत नाही, ओरडता येत नाही, आणि आपल्या संघाचा चेंडू रिंगमधून खाली उतरला तरी दाढदुखी झालेल्या माणसासारखा चेहरा ठेवून कागदावर रेघ ओढावी लागते.

त्या कागदाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा छळ त्याच्यामुळे झाला. बास्केटबॉलच्या गुणपत्रिकेवर १ ते १६० असे आकडे ओळीने छापलेले असतात. दोन गुणांची बास्केट झाली की त्या आकड्यावर तिरकी रेघ मारायची आणि शेजारी खेळाडूचा क्रमांक लिहायचा. तीन गुणांची झाली तर त्या क्रमांकाभोवती वर्तुळ काढायचे. फ्री थ्रो, म्हणजे फाउलच्या बदल्यात बिनअडथळा मारायला मिळणारा एका गुणाचा नेम, पडला तर आकड्यावर एक भरीव ठिपका द्यायचा. फाउलची नोंद ज्याने तो केला त्याच्या नावापुढे एका अक्षराने होते, आणि त्यावर समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळाले असतील तर अक्षराशेजारी बारीक २ लिहायचा. १६० पर्यंतचे आकडे कोणासाठी छापतात हे मला अद्याप कळलेले नाही. आमच्याकडे साठाच्या पुढचा कागद कोराच राहतो. मात्र या कागदाचा खरा विशेष असा, की त्यावर जे पडले ते सर्व लिहिलेले असते आणि जे हुकले त्याला जागाच नसते. माझ्या मते हा खेळाडूंवर दाखवलेला मोठा दयाभाव आहे. आमच्या समर्थकांच्या मते ती नियमकर्त्यांची अक्षम्य हलगर्जी आहे.

प्रसंग होता आमच्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील उपांत्य सामन्याचा. यजमानपद आमच्याकडे होते. पंच बाहेरून आले होते, आणि टेबलावरची माणसे, खुर्च्या व पाण्याचे जार आम्ही पुरवले होते. तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस आम्ही ४७–३३ असे पुढे होतो. चौदा गुणांची आघाडी पाहून आमचे काही समर्थक हलगीवाल्याशी भाव ठरवायला गेटबाहेर गेले आणि तेवढ्यात पाहुण्यांनी पूर्ण मैदानभर प्रेस लावली, म्हणजे आमच्या पोरांना चेंडू हाती येताच अंगावर येऊन अडवायला सुरुवात केली. चेंडू आठ सेकंदांत मध्यरेषेपलीकडे नेण्याचा नियम आमच्या पोरांना त्या दिवशी पहिल्यांदाच लागू झाल्यासारखा वाटला. त्यात आमचा सर्वांत उंच गडी पाचवा फाउल होऊन बाहेर बसला. शेवटच्या दोन मिनिटांत प्रत्येक बास्केटनंतर घड्याळ थांबते, त्यामुळे तो काळ दोन मिनिटांचा राहतच नाही. त्या अवधीत माझ्यामागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी अनेक दैवतांना नवस बोलून घेतले. नऊ सेकंद शिल्लक असताना आम्ही ५८–५७ असे पुढे होतो आणि आमच्या कर्णधाराला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला रिंगच्या पुढच्या कडेवर आपटला. दुसरा बोर्डाला लागून मागे आला. पाहुण्यांनी रिबाउंड घेतला, धावत सुटले, आणि त्यांच्या एका पोराने कोपऱ्यातून मारलेला चेंडू रिंगवर दोन फेऱ्या मारून बाहेर पडला. हॉर्न वाजला. आम्ही जिंकलो.

वसमत रोडवरच्या चहाच्या गाड्यापर्यंत पोचेतो हा विजय कोणाच्याही चेहऱ्यावर उरलेला नव्हता.

नियमाप्रमाणे गुणपत्रिकेची गुलाबी प्रत विजेत्या संघाला आणि पिवळी पराभूत संघाला मिळते. आमच्याकडे दोन्ही संघांना झेरॉक्स मिळते, आणि विजेत्यांची झेरॉक्स खेळाडूंच्या आधी समर्थकांच्या हाती पडते. ती निवृत्त रोखपाल काकांनी पटकावली होती. काकांनी बँकेत हयात काढली असल्यामुळे जुळलेल्या ताळेबंदावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, अंगठ्याला जीभ लावली, जरी कागद एकच होता आणि उलटायला पुढे पान नव्हते, आणि मला विचारले, “सर, तुम्ही टेबलाला होते ना? मग सांगा, आपले फ्री थ्रो किती हुकले?”

मी अत्यंत नम्रपणे सांगितले की हुकलेल्यांची नोंद या कागदावर नसते.

“नोंद नसती, पण निघती,” असे म्हणून काकांनी खिशातून पेन काढले. पाहुण्यांच्या फाउलशेजारचे बारीक आकडे त्यांनी एकेक करून मिळवले आणि आमचे ठिपके त्यातून वजा केले. आम्हाला एकोणीस फ्री थ्रो मिळाले होते, त्यातले आठ पडले होते. “अकरा हुकले. अठ्ठावन्नात अकरा मिळवा, एकोणसत्तर. म्हणजे आपण हा सामना एकोणसत्तर–सत्तावन्न असा जिंकलोय, बारा गुणांनी. फक्त कागदावर आलेलं नाही.”

गाड्यावर एकदम चैतन्य पसरले. चहाची आणखी एक फेरी आणि मिरची भजी मागवली गेली. बारा गुणांच्या विजयाला शोभेल अशी हलगी वाजवावी असाही विचार कोणी मांडला. पण किराणा दुकानदार शेठजींचा स्वभाव दुसऱ्याच्या मापात खोट काढण्याचा आहे. “काका, त्यांचे बी हुकलेच असतील की,” ते म्हणाले. काकांनी अनिच्छेने आमच्या पोरांचे फाउल मोजले. पाहुण्यांना वीस फ्री थ्रो मिळाले होते आणि त्यांचे फक्त सात पडले होते. सत्तावन्नात तेरा मिळवले तर सत्तर होतात. याचा अर्थ, कोणाचाच फ्री थ्रो हुकला नसता तर आम्ही हा सामना एका गुणाने हरलो असतो.

अर्धी भजी तशीच राहिली. जिंकलेला सामना मैदानाबाहेर, कढईच्या साक्षीने, पुन्हा हरता येतो हे मी प्रत्यक्ष पाहिले. बऱ्याच वेळाने काकांनी निर्णय दिला, “त्यांचे धरायचे नाहीत.” पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता.

यानंतर दोष कोणाचा या विषयाला सुरुवात झाली. प्रशिक्षकांनी टाइम आउट उशिरा घेतला हे एकमताने संमत झाले. जे गृहस्थ हलगीचा भाव ठरवायला गेले होते आणि ज्यांनी चौथ्या क्वार्टरचा निम्मा भाग पाहिलाच नव्हता, त्यांचे मत यात सर्वांत ठाम होते. “पोरं नुसतं पळायलेत, डोकं कोणी लावायलंय का?” असे ते प्रत्येकाला विचारत होते. उंच गड्याच्या पाचव्या फाउलचा विषय निघाला तेव्हा तो फाउल पंचांनी दिला हे सर्वांना मान्य होते, पण तो पाचवा होता हे पंचांना कळवले कोणी, असा प्रश्न येऊन सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. “सर, चार झाल्यावर जरा हात आखडता घ्यायचा ना,” एका माजी विद्यार्थ्याने अत्यंत आदराने सुचवले. ग्रंथालयाचा दंडही तो मला याच सुरात माफ करायला सांगत असे.

कर्णधाराचे मामा तेवढा वेळ गप्प बसून बशीतून चहा पीत होते. शेवटचे दोन फ्री थ्रो हा विषय टळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. तो निघताच त्यांनी सांगितले की भाच्याला सकाळपासून कणकण होती. चहाच्या पुढच्या फेरीला तो ताप १०२ पर्यंत चढला होता, आणि त्याच्या पुढच्या फेरीला पोराने सलाइनची सुई उपसून मैदान गाठले होते. त्याच कर्णधाराने सामन्यापूर्वी माझ्यासमोर दोन आलूबोंडे खाल्ले होते, परंतु गुणलेखकाने फक्त गुणांपुरते बोलावे म्हणून मी गप्प राहिलो.

मामांच्या मदतीला एक तरुण धावून आला. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, त्यामुळे जगात घडलेली प्रत्येक गोष्ट त्याला तारखेसकट ठाऊक असते आणि ती सांगण्याची संधी मात्र परीक्षेत मिळत नाही. त्याने विचारले, “जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतो ना आपण? मग २०२३ चा बास्केटबॉलचा विश्वचषक कोणी जिंकला?” उत्तराची वाट न पाहता त्यानेच सांगितले की तो जर्मनीने मनिलात जिंकला. उपांत्यपूर्व सामन्यात ते लाटव्हियाला ८१–७९ असे जेमतेम हरवू शकले, उपांत्य सामन्यात अमेरिकेला ११३–१११ असे, आणि अंतिम सामन्यात सर्बियाला ८३–७७ असे. लाटव्हियाविरुद्धच्या सामन्यात त्यांचा कर्णधार डेनिस श्र्योडर याने २६ नेम मारले आणि त्यातले चारच लागले. तरीही स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून शेवटी त्याचीच निवड झाली.

“म्हणजे बावीस हुकले,” काका तत्काळ म्हणाले. दुसऱ्याच्या तोट्याचा आकडा ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर संध्याकाळपासून प्रथमच समाधान दिसले.

“बावीस!” मामांनी बशी खाली ठेवली. “आणि आमच्या पोरानं दोन हुकवले तर इथं पंचनामा चाललाय.”

जर्मनीच्या आधाराने वातावरण बरेच निवळले. मीही धीर करून सांगितले की १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हिवाळ्यात पोरांना छपराखाली खेळता यावे म्हणून हा खेळ शोधला, तेव्हा दहा फुटांवर फळांच्या टोपल्या ठोकल्या होत्या, आणि पहिल्या सामन्यात एकूण एकच गोल झाला होता. म्हणजे हा खेळ जन्मालाच निसटता विजय घेऊन आला आहे. माझी अपेक्षा होती की या माहितीने चर्चा सन्मानाने संपेल. परंतु शेठजींनी विचारले की टोपलीला बूड होते काय. होते, असे मी सांगितले. चेंडू आत पडला की तो शिडी लावून काढावा लागे. “मग ते बरं होतं,” शेठजी म्हणाले, “निदान पडलेला चेंडू पडलाय हे डोळ्यांनी दिसायचं. आज तिसऱ्या क्वार्टरला आपल्या त्या आखूड पोराची बास्केट धरली नाही पंचानं, मी बघितली ना आत गेलेली.” आणि जो मुद्दा तोवर कोणालाच सुचला नव्हता, तो माझ्याच इतिहासामुळे चर्चेला येऊन चहाची आणखी एक फेरी झाली.

याच सुमारास घरून फोन आला. सामना जिंकल्याचे मी आधीच कळवले होते. “जिंकलात ना? मग इतका वेळ काय करायलात तिथं?” असा प्रश्न आला, आणि त्याचे उत्तर त्या गाड्यावरच्या एकाही विद्वानाकडे नव्हते.

तेवढ्यात खुद्द कर्णधार सायकलवरून तिथे आला. सगळे एकदम उभे राहिले. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, शेठजींनी त्याच्यासाठी स्पेशल चहा सांगितला, टाइम आउटवाले गृहस्थ ‘वाघासारखा खेळलास’ म्हणाले, आणि मामांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, त्यामुळे तो जरा गोंधळला. त्याने चहा घेतला, उरलेली भजी खाल्ली आणि विचारले, “काका, शेवटचे दोन गेले असते तर बरं झालं असतं ना?” त्यावर काका म्हणाले, “अरे सोड, फ्री थ्रोचं काय घेऊन बसलास? जिंकलो ना आपण.” तो सायकलवर बसून चौकाच्या वळणाआड जाईपर्यंत सर्वांनी हात हलवले. मग काका खाली बसले, त्यांनी घडी घातलेली झेरॉक्स पुन्हा उलगडली आणि म्हणाले, “हां, तर पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागला. याचा अर्थ पाय वाकले नव्हते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडत असताना काका दारात उभे होते. त्यांच्या हातात नवी कोरी वही होती. वहीत त्यांनी रात्रीच पट्टीने रकाने आखून ठेवले होते: खेळाडू, वेळ, कुठून मारला, कसा हुकला, का हुकला, शेरा. ‘का हुकला’ या रकान्याला सर्वांत जास्त जागा दिली होती. अधिकृत कागद उजव्या हाताशी ठेवायचा आणि ही वही डाव्या हाताशी, म्हणजे पंचांचे लक्ष जाणार नाही, अशी सूचनाही त्यांनी केली. त्या दुपारच्या अंतिम सामन्यानंतर आमची स्पर्धा संपणार होती, आणि वही दोनशे पानी होती.