ताप उतरला म्हणजे मलेरिया गेला असं नाही

मलेरिया टाळण्याबद्दलच्या तुमच्या लेखात साचलेलं पाणी आणि मच्छरदाणी यांवर छान लिहिलंय, पण अर्धवट सोडलेल्या औषधांबद्दलही लिहायला हवं होतं. मलेरियाचे व्हायवॅक्स नावाच्या प्रकारचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही पुन्हा उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या असतात, बहुधा १४ दिवसांच्या, अर्थात डॉक्टरांनी सांगितल्या तरच. माझ्या भावाने थंडी थांबल्यावर चौथ्या दिवशीच त्या सोडल्या. दोन महिन्यांनी तीन चादरी पांघरूनही त्याचे दात कडाकडा वाजत होते. बघवत नव्हतं. आणि हो, पाण्याचं पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून घासून कोरडं करा. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस पुरतात.