आरोपपत्राची वाट पाहत बसू नका

‘रस्ते अपघातातल्या मृत्यूत पोलिसांनी आरोपपत्र दाखल केल्याशिवाय नुकसानभरपाई मागता येत नाही’ असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे, आणि यात घरच्यांचं नुकसान होतं.

फौजदारी खटला वेगळा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या न्यायालयातला, दावा वेगळा. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर थांबू नका.

मुदती पोलिसांनाही आहेत. तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. पहिल्या अहवालाची प्रत घरच्यांनाही मिळायला हवी.

आमच्या शेजारच्या काकू पाच महिने ‘साहेब बंदोबस्तात आहेत’ हेच ऐकत होत्या. पिशवीत एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सगळं होतं. तेवढ्यावर दावा दाखल झाला असता, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.

वकील परवडत नसेल तर मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.